सव्वीस पावलं

"सव्वीस," ऋता म्हणाली. "ताई, तुमची किती?"

"सव्वीस," मी म्हणाले.

आम्ही दोघी सातव्या आणि आठव्या अडथळ्याच्या मधोमध उभ्या होतो. सकाळचे साडेआठ वाजले होते. मैदानावर आदल्या संध्याकाळी जरा जास्तच पाणी मारलं होतं, वाळू बुटांना चिकटत होती. आमच्या आजूबाजूला इतर स्वार मान खाली घालून पावलं टाकत होते, पुटपुटत होते, परत मागे जाऊन मोजत होते.

ज्याने ही स्पर्धा पाहिली नाही त्याला आम्ही वेडी माणसं वाटलो असतो. अडथळ्यांवरून घोडा उडवायच्या स्पर्धेत सुरुवातीआधी स्वाराला मैदानात पायी फिरू देतात. घोड्याला देत नाहीत. घोडा ते अडथळे बघतो तो थेट उडी मारायच्या वेळी. म्हणून स्वाराने मोजायचं. आपली चार पावलं म्हणजे घोड्याची एक ढांग. घोडा उतरतो तिथली दोन पावलं आणि पुढच्या उडीला उठतो तिथली दोन सोडून द्यायची, उरतील त्यांना चाराने भागायचं. चोवीस आली तर घोड्याच्या पाच ढांगा, अठ्ठावीस आली तर सहा. सव्वीस म्हणजे ना पाच, ना सहा. आखणाऱ्याने ते मुद्दाम केलं होतं. पाच मारायच्या तर घोड्याला सातव्यावरून उतरताच सोडायचं, सहा मारायच्या तर उतरताच आवरून धरायचं. जे काही करायचं ते आधी ठरवून जायचं. मधल्या मधे विचार बदलायला वेळ नसतो.

आणि आठवा अडथळा वाईट होता. एकामागे एक दोन दांड्या, मधे दीड मीटर मोकळं, उंची एक मीटर चाळीस. घोडा लांबून उठला तर मागच्या दांडीपर्यंत पोचणार नाही.

"मला पाच दिसतंय," ऋता म्हणाली. "ज्वारीची ढांग मोठी आहे."

"तुला काय दिसतंय ते राहू दे. तुझ्या आधी दोघं जातायत ना? ते काय मारतात ते बघायचं. घोडे सांगतील."

"पण मी तिसरी आहे. मी तेव्हा सराव मैदानावर असेन, झाडांमागे. तिथून काहीच दिसत नाही."

"मी गेटवर उभी राहते. आत जाताना मला विचार."

तिने मान हलवली. तिच्यापुरता तो प्रश्न संपला.

ऋता जगदाळे माझ्याकडे आली तेव्हा नऊ वर्षांची होती. तिची आई कराडच्या शाळेत गणित शिकवायची, वडील नव्हते. माझी पुण्याबाहेर, वाघोलीच्या पलीकडे सहा घोड्यांची शाळा होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मावशीकडे आलेली ही मुलगी एकदा कुंपणावर बसून सबंध दिवस बघत राहिली, आणि मग कराडला परत जाईचना. अकरा वर्षं मी तिला शिकवलं. ज्वारी ही घोडीही मीच तिला शोधून दिली होती. रेसकोर्सवर कधी जिंकली नाही म्हणून काढून टाकलेली, हुरडा संपून कणीस पिकलं की जसा रंग येतो तशा रंगाची, म्हणून ज्वारी. कोणी जवळ आलं की कान मागे टाकायची, ऋता आली की मान तिच्या खांद्यावर ठेवून डोळे मिटायची.

माझ्याबद्दल सांगायचं तर मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते. चोवीस वर्षं उड्या मारत होते. राष्ट्रीय स्पर्धेत सात वेळा पदक, मणक्यात दोन स्क्रू, एक कॉलरबोन दोनदा मोडलेली. आशियाई स्पर्धेच्या संघात मात्र एकदाही नाव आलं नव्हतं. एकदा चौथी आले आणि तीनच जागा होत्या. एकदा निवड झाली आणि निघायच्या आठवडाभर आधी घोडा लंगडला. त्या वर्षी कोल्हापूरजवळच्या त्या मैदानावर शेवटची निवड चाचणी होती. दोन जागा परदेशातल्या निकालांवरून आधीच भरल्या होत्या. उरलेली एक. माझा घोडा अंबर चौदा वर्षांचा होता, पुढच्या वेळी तोही नसता आणि मीही.

तीन दिवसांची चाचणी. दोन दिवस संपले तेव्हा सगळ्यांत वर दोघींची नावं होती. माझी एक दांडी पडली होती, ऋताची एक. बाकीचे बरेच मागे होते.

त्या दोन दिवसांत ती माझ्या शब्दाबाहेर गेली नव्हती. मोठ्या स्पर्धेच्या आधी तीन दिवस घोड्याला उडी दाखवायची नाही, नुसतं चालवायचं, हे मी सांगितलेलं. तिने ज्वारीला तीन दिवस उसाच्या शेतांमधून हातात दोर धरून फिरवलं. आत जाण्यापूर्वी सरावाला दहापेक्षा जास्त उड्या नाहीत आणि शेवटची उडी छोटी, म्हणजे घोडा खूश होऊन आत जातो. सकाळी पोटभर खायचं नाही, एक केळं आणि दोन घोट चहा. पावलं मोजून झाली की कोणाशी गप्पा मारायच्या नाहीत. हे सगळं तिने एका पुठ्ठ्यावर मार्करने लिहून खोगिराच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं होतं. वर लिहिलं होतं, 'ताई म्हणतात'.

दुसऱ्या दिवशी दुपारी निवड समितीचे इनामदार माझ्याजवळ येऊन बसले. आम्ही एकाच वयाचे, एकेकाळी एकत्र स्पर्धा केलेले.

"चारुशीला, पोरगी काय तयार केलीस गं!" ते म्हणाले.

"हं."

"मी एक बोलू का? राग नको मानू. उद्या काहीही होवो, संघाबरोबर एक मार्गदर्शक पाठवायचा आहे. तुझं नाव मी घालतो. तू तिच्याबरोबर चल. तुला जायला मिळेल आणि तिलाही आधार होईल."

"उद्याची चाचणी व्हायची आहे अजून," मी म्हणाले.

"हो, हो. ती आहेच." त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. घोड्याला थोपटतात तसं.

संध्याकाळी तबेल्यात ऋता ज्वारीचे पाय थंड पाण्याने धूत होती. मी गेले तशी उठून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की इनामदार तिच्याशीही बोललेत.

"ताई, मला एक वाटतं. बोलू?"

"बोल."

"उद्या तुमची निवड झाली तर प्रश्नच नाही. पण समजा माझी झाली, तर तुम्ही याल ना माझ्याबरोबर? कोच म्हणून? तुम्ही गेटवर असल्याशिवाय मला नाही जमणार."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती अगदी मनापासून बोलत होती. मला अजूनही तिच्या त्या वाक्यात एकही वावगा शब्द सापडत नाही.

"येईन की," मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी कोणी कधी जायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. ऋता तिसरी, मी सातवी. पावलं मोजून झाल्यावर ती झाडांमागच्या सराव मैदानावर गेली आणि मी गेटवर येऊन उभी राहिले. माझे सईस हसनभाई माझ्यामागे अंबरला धरून उभे होते. मूळचे मिरजेचे, माझ्याकडे एकोणीस वर्षं. घोड्याशी बोलायचे तेवढं माणसांशी बोलायचे नाहीत.

पहिला स्वार गेला. बंगळूरचा होता, काळा घोडा. मी सातव्यापासून आठव्यापर्यंत ढांगा मोजल्या. मग दुसरी, दिल्लीची एक मुलगी. पुन्हा मोजल्या. हसनभाईही मोजत होते, त्यांचे ओठ हलताना मला दिसले. त्यांना ती सवय होती.

झाडांमधून ज्वारी आली. मान उंच, कान पुढे. सराव छान झाला होता हे लांबूनच कळत होतं. ऋताने तिला माझ्याजवळ आणून थांबवलं. हातमोजे ओढून घट्ट केले.

"ताई, किती?"

"पाच," मी म्हणाले.

"दोघांनीही?"

"दोघांनीही. उतरलीस की सोड तिला. धरू नकोस."

"मला वाटलंच होतं पाच." ती हसली. हनुवटीखालचा पट्टा एकदा चाचपला. "येते, ताई."

गेटवरच्या माणसाने दोर बाजूला केला आणि ती आत गेली.

हसनभाईंनी अंबरचा लगाम एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

ती सुरेख गेली. पहिले सहा अडथळे मी शिकवलेल्यांपैकी कोणीही याहून चांगले घेतले नसतील. सातवा तिने पार केला तेव्हा प्रेक्षकांतून एक हलकासा आवाज आला, लोक खूश झाले की येतो तसा. ज्वारी उतरली. ऋताने हात पुढे दिले, पोटऱ्या आवळल्या.

एक. दोन. ओल्या वाळूत घोडीची ढांग लांबत नव्हती. तीन. तिथे ऋतालाही कळलं असणार की अंतर फार आहे. कोणीही दुसरं असतं तर मागे खेचलं असतं, एक जास्तीची ढांग घेतली असती, फार तर दांडी पडली असती. तिला तर पाच सांगितलं होतं. तिने आणखी पाय लावले. चार. पाच.

ज्वारी फार लांबून उठली. तिने नकार दिला नाही. ती घोडी ऋताला कधीच नकार द्यायची नाही. पुढचे दोन्ही पाय मागच्या दांडीच्या अलीकडे, दोन दांड्यांच्या मधे उतरले, आणि सबंध घोडी त्या पायांवरून उलटली. आधी लाकडाचा आवाज झाला. नंतर दुसरा एक आवाज झाला, तो लाकडाचा नव्हता.

मी धावले. आजही लोक सांगतात की सगळ्यांत आधी मी पोचले.

ऋता कमरेपासून खाली घोडीखाली होती. चौघांनी मिळून ज्वारीला एका अंगावर ढकललं तेव्हा ती मोकळी झाली. ज्वारी उठायला बघत होती. पुढचा डावा पाय गुडघ्याखाली नुसता लोंबत होता, तरी ती तो टेकवायची, कोसळायची, पुन्हा टेकवायची. हसनभाईंनी तिच्या डोक्यावर आपला सदरा टाकला आणि मानेवर बसून तिला खाली धरून ठेवलं. उघड्या अंगाने, वाळूत.

"ताई," ऋता म्हणाली. चेहरा पांढरा पडला होता पण शुद्धीत होती. "काय चुकलं माझं?"

स्ट्रेचर येत होतं. आजूबाजूला डॉक्टर, इनामदार, दोन-तीन स्वार होते. सगळे ऐकत होते.

"उशीर केलास," मी म्हणाले. "तू तिला उशिरा सोडलंस."

"हो का?" ती म्हणाली. मग, "ती उठली का?"

"उठली. पाय मुरगळलाय."

तिला गाडीत घालून नेलं. मग चौघांनी हिरवं कापड आडवं धरलं आणि घोड्यांच्या डॉक्टरांनी त्यामागे ज्वारीला सुई दिली. ट्रॅक्टर आला. मैदान सारखं करायला, नवीन दांड्या लावायला पाऊण तास गेला.

त्या पाऊण तासात मी काय केलं ते सांगायला हवं. मी अंबरला सरावासाठी नेलं. दहा उड्या. शेवटची छोटी.

इनामदार सराव मैदानावर आले. "चारुशीला, तू नको जाऊस वाटत असेल तर कोणी काही म्हणणार नाही. मी समजू शकतो."

"ऋताला आवडलं नसतं," मी म्हणाले.

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते वाक्य नंतर जेवणाच्या वेळी भाषणात सांगितलं.

मी आत गेले. पहिल्या सहा अडथळ्यांचं मला काही आठवत नाही. सातव्यावरून उतरले आणि अंबरला आवरून धरलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. आठव्यावरून तो इतक्या अलगद गेला की दांडीला वारासुद्धा लागला नसेल. पहिल्या स्वाराने सहा मारल्या होत्या. दुसरीने सहा मारल्या होत्या. त्या दिवशी मैदानात उतरलेल्या अकरा जणांपैकी दहा जणांनी सहा मारल्या.

एकही दांडी न पाडता मी बाहेर आले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, काहींच्या डोळ्यांत पाणी होतं. मी खाली उतरले. हसनभाईंनी अंबरचं खोगीर काढलं, घाम पुसला, पाणी दाखवलं, पायांच्या पट्ट्या सोडून नीट गुंडाळून ठेवल्या. सगळं रोजच्यासारखं. मग दोर माझ्या हातात दिला.

"याला तबेल्यात तुम्हीच न्या, बाई," ते म्हणाले. एकोणीस वर्षं ते मला ताई म्हणत होते.

"हसनभाई—"

"मी मिरजेला जातो."

"परत कधी याल?"

त्यांनी अंबरच्या कपाळावर हात ठेवला. घोड्याशी काहीतरी बोलले, ते मला ऐकू आलं नाही. पिशवी खांद्याला लावून ते गेटमधून बाहेर पडले. सदरा नव्हताच, अंगावर कोणाचं तरी जाकीट होतं. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. ऋताच्या कमरेचं हाड तीन ठिकाणी मोडलं होतं, उजवी मांडी दोन ठिकाणी. ती गुंगीत होती. बाहेर बाकावर तिची आई बसली होती. मला बघून त्या उठल्या आणि हात जोडले.

"तुम्ही अकरा वर्षं एवढं शिकवलंत, आणि हिने ऐनवेळी स्वतःचंच खरं केलं. सगळे सांगतायत, घोडी पळवली हिने म्हणून. त्या मुक्या जिवाचा जीव घेतला. तुम्हाला मान खाली घालायला लावली. मला माफ करा."

मी त्यांचे हात हातात घेतले. "तरुण आहे ती," मी म्हणाले. "होतं असं."

ज्वारी गेल्याचं ऋताला सहाव्या दिवशी सांगितलं. तेही आईनेच. मी तेव्हा संघाबरोबर सरावाला गेले होते.

आशियाई स्पर्धेत मी दुसऱ्या दिवशी बाद झाले. अंबर चौथ्या अडथळ्यापाशी थांबला. वळवून आणला, पुन्हा थांबला. नियमाप्रमाणे घंटी वाजली आणि मी बाहेर आले. दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

ऋता वर्षभराने चालायला लागली. उजवा पाय दीड इंच आखूड राहिला. घोड्यावर बसू शकायची, पण उडी कायमची बंद. मधली काही वर्षं माझा तिचा संबंध फक्त दिवाळीच्या फोनपुरता होता. मग एक दिवस कळलं की तिने वाईजवळ घोडेस्वारीची शाळा काढलीय, आणि चांगली काढलीय. एका वर्तमानपत्रात तिची मुलाखत आली. त्यात तीन ठिकाणी माझं नाव होतं. 'मला जे काही येतं ते चारूताईंनी दिलेलं आहे.' कात्रण काढून लोक मला पाठवत होते.

नोव्हेंबरात तिचा फोन आला. "ताई, माझी मुलं राष्ट्रीयला उतरतायत. तुम्ही येऊन त्यांच्याशी बोलाल? मोठ्या स्पर्धेची तयारी कशी करायची, यावर. तुमच्याइतकं कोण सांगणार?"

मी गेले. तिच्या कार्यालयात भिंतीवर एकच फोटो होता, माझा आणि अंबरचा, त्या दिवशीचा, आठव्या अडथळ्यावरचा. मुलं ओळीने माझ्या पाया पडली. ऋताने माझी ओळख करून दिली, पंधरा मिनिटं. ती बोलताना उजव्या पायावरचा भार सारखा काढत होती. परत येताना गाडीत मला बरं वाटत होतं. हिला काही माहीत नाही, असं मी स्वतःशी म्हणाले. पुढच्या वर्षीही गेले.

तिसऱ्या वर्षी मात्र जमेना. आदले दोन आठवडे मला अन्न गोड लागत नव्हतं. मी ठरवलं, या वेळी सांगून टाकायचं. ती काय करेल ते करो, शिव्या देवो, चारचौघांत सांगो. मी एक तास आधी पोचले. ती सामानाच्या खोलीत खोगिरं पुसत बसली होती, पाय समोरच्या स्टुलावर पसरून.

"ऋता, मला तुला एक गोष्ट सांगायचीय."

तिने मान वर केली नाही. "सहा ना?" ती म्हणाली.

मी तशीच उभी राहिले.

"बसा ना, ताई. चहा येतोय." तिने फडकं तेलात बुडवलं. "आयोजकांनी सगळं रेकॉर्ड केलं होतं, पहिल्या घोड्यापासून. दवाखान्यात पडल्या पडल्या करायला काही नव्हतं. बंगळूरवाला सहा. दिल्लीची सहा. मग मी. मग बाकीचे. मग तुम्ही. मी दीडशे वेळा बघितलं असेल."

"तू कधी बोलली नाहीस."

"नाही."

"आईलाही नाही सांगितलंस? त्या तुला—"

"आई अजूनही म्हणते मी घोडी मारली. म्हणू दे."

"ऋता, मी… मी तुझी माफी मागायला आले आहे. मला माहीत आहे की—"

"नको." ती पहिल्यांदा माझ्याकडे बघत म्हणाली. आवाज अगदी शांत होता, मुलांना सूचना द्यायचा. "ते नको. तुम्ही माफी मागणार, रडणार. मी एकतर माफ करणार नाहीतर नाही करणार. काहीही केलं तरी तुम्ही मोकळ्या होणार. घरी जाऊन झोपणार. मला ते नकोय."

"मग काय हवंय तुला?"

"तुम्ही येताय ना दरवर्षी? तेच हवंय. मी तुमचं कौतुक करायचं, मुलांनी तुमच्या पाया पडायचं, आणि तुम्ही तिथे बसून ऐकायचं. मुलाखतीतसुद्धा म्हणूनच नाव घेते." तिने खोगीर उचलून खुंटीवर ठेवलं. उठताना खुर्चीला धरून उठावं लागलं. "नाही आलात तर मुलं विचारतील का नाही आल्या. मग मला कारण सांगावं लागेल. मी खोटं बोलत नाही मुलांशी."

चहा आला. तिने माझ्या कपात अर्धा चमचा साखर घातली, मला लागते तेवढीच. दोघींनी तो प्यायला.

मग आम्ही बाहेर पटांगणात गेलो. चाळीसएक मुलं वह्या घेऊन सतरंजीवर बसली होती. ऋताने माझी ओळख करून दिली. मी बोलले. तीन दिवस आधी उड्या बंद, दहापेक्षा जास्त सराव नको, सकाळी हलकं खायचं. मुलं भराभर लिहून घेत होती. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर पुढच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. दहा-अकरा वर्षांची असेल, दोन घट्ट वेण्या.

"मॅडम, पावलं मोजली आणि अर्धवट आली, पाच का सहा कळलंच नाही, तर कुणाला विचारायचं?"

मी ऋताकडे पाहिलं. ती हसत होती. अगदी प्रेमाने.

"चांगला प्रश्न आहे," ती म्हणाली. "ताईच सांगतील. मी त्यांनाच विचारलं होतं."

तिने माइक माझ्या हातात दिला, आणि सगळ्या मुलांनी वहीचं नवं पान उघडलं.

त्याला सात वर्षं झाली. मी एकही नोव्हेंबर चुकवलेला नाही.